सोलापूरचे डॉक्टर, चीनचे के दिहुआ

व्ही. शांताराम यांचा 'डॉ. कोटनीस की अमर कहानी' हा १९४६ सालचा चित्रपट आपल्यापैकी बऱ्याच जणांनी कधी ना कधी पाहिला असेल. निदान आई-वडिलांच्या तोंडून त्याचं नाव तरी ऐकलंच असेल. त्यामुळे डॉ. कोटणीस म्हटलं की डोळ्यांपुढे उभे राहतात ते शांताराम आणि जयश्री. पण पडद्यावरच्या त्या नायकामागे एक खराखुरा माणूस होता. तो वर्षभरासाठी म्हणून परदेशी गेला आणि परत आलाच नाही. युद्धात होरपळणाऱ्या एका देशात त्याने चार वर्षं नेमकं काय केलं, हे मात्र फारसं कोणी सांगत नाही.

द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापूरला झाला. घर मध्यमवर्गीय, भावंडं बरीच. मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजातून ते डॉक्टर झाले. पुढच्या शिक्षणाचे बेत चालू होते, घरच्यांच्या अपेक्षा होत्या. त्या काळच्या कुठल्याही हुशार मराठी मुलाचं आयुष्य ज्या वळणाने जायचं, त्याच वळणाने हेही चाललं होतं.

तिकडे चीनमध्ये जुलै १९३७ मध्ये जपानने पूर्ण ताकदीनिशी आक्रमण केलं. शांघाय पडलं. डिसेंबरात नानकिंग पडलं आणि तिथे सामान्य नागरिकांची जी कत्तल झाली, स्त्रियांवर जे अत्याचार झाले, त्याने जग हादरलं. लक्षावधी माणसं घरदार सोडून पश्चिमेकडे पळत होती. जखमींची गणती नव्हती आणि डॉक्टर तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. अशा वेळी आठव्या मार्ग सेनेचे सेनापती चू तेह यांनी पंडित नेहरूंना पत्र लिहून वैद्यकीय मदत मागितली. १९३८ साली काँग्रेसचे अध्यक्ष होते सुभाषचंद्र बोस. त्यांनी देशाला आवाहन केलं आणि सुमारे २२,००० रुपयांचा निधी जमला. लक्षात घ्या, आपण स्वतः त्या वेळी पारतंत्र्यात होतो!

पाच डॉक्टरांचं पथक ठरलं. अलाहाबादचे डॉ. अटल प्रमुख, नागपूरचे डॉ. चोळकर, कलकत्त्याचे डॉ. बसू आणि डॉ. मुखर्जी, आणि सोलापूरचे डॉ. कोटणीस. म्हणजे पाचांतले दोघे आपल्याकडचे. सप्टेंबर १९३८ मध्ये मुंबईहून बोट निघाली, तेव्हा कोटणीसांना अठ्ठावीस वर्षंही पूर्ण व्हायची होती... मुदत होती एक वर्षाची. ('दोनच वर्षं जाऊन येतो' म्हणून निघालेल्या आपल्यासारख्यांना ही भाषा ओळखीची वाटेल!)

ही मंडळी आधी कँटनला उतरली, मग वुहानला गेली. पण ऑक्टोबरात वुहानही जपान्यांच्या हाती गेलं आणि पथक चुंगकिंगला सरकलं. तिथे कोटणीसांना वडील गेल्याची बातमी कळली. परत जा, असं सोबत्यांनी सुचवलं. घरी आई, भावंडं. जाण्याचं कारण कोणालाही पटेल असंच होतं. तरी ते थांबले. आपण परत गेल्याने वडील परत येणार नाहीत, इथे मात्र काम पडलंय, एवढा साधा हिशेब त्यांनी केला असावा. सोलापूरच्या घरात हा हिशेब किती जड गेला असेल, त्याची आपण कल्पनाच करायची.

फेब्रुवारी १९३९ मध्ये पथक यानानला पोचलं. पाचही जणांनी आपल्या नावांची चिनी रूपं घेतली आणि प्रत्येकाच्या शेवटी 'हुआ', म्हणजे चीन, जोडलं. कोटणीस झाले 'के दिहुआ'. त्याच वर्षी चोळकर आणि मुखर्जी परतले, १९४० मध्ये अटल. बसू आणि कोटणीस उरले ते आघाडीकडे निघाले.

आता तिथली परिस्थिती काय होती ते पाहू. उत्तर चीनमधल्या डोंगराळ मुलखात गनिमी लढाई चालली होती. शहरं आणि रेल्वेमार्ग जपान्यांच्या ताब्यात, खेडी ह्यांच्या. औषधं येणार कुठून? एका बाजूने जपान्यांची नाकेबंदी, आणि पुढे पुढे कम्युनिस्टांच्या मुलखाभोवती त्यांच्याच राष्ट्रवादी सरकारची. त्यामुळे भूल देण्याचं औषध, जंतुनाशकं, साधं बँडेजसुद्धा जपून वापरायचं. इस्पितळ म्हणजे शेतकऱ्याचं घर नाहीतर गावचं देऊळ. जखमींना गावकरी खाटल्यावर घालून डोंगर चढून आणत. ह्याच भागात काम करणारे कॅनडाचे प्रसिद्ध सर्जन डॉ. नॉर्मन बेथ्यून नोव्हेंबर १९३९ मध्ये वारले. शस्त्रक्रिया करताना बोटाला झालेल्या जखमेतून विष अंगात भिनलं. एवढा मोठा सर्जन बोटाच्या जखमेने जातो, ह्यावरून औषधांचे काय हाल होते ते समजावं.

१९४० च्या मोठ्या मोहिमेत कोटणीस आघाडीजवळ होते. तेरा दिवसांत ८०० च्या आसपास जखमी त्यांच्या हाताखालून गेले. एकदा तर सलग ७२ तास ते झोपलेच नाहीत. जानेवारी १९४१ मध्ये बेथ्यून यांच्या नावाच्या आंतरराष्ट्रीय शांतता इस्पितळाचे ते संचालक झाले. बसू आता यानानला होते. म्हणजे आजूबाजूला हिंदुस्थानी असा एकही माणूस नाही. तोवर कोटणीसांनी चिनी भाषा अशी काही शिकून घेतली होती की ते वर्गात चिनीतूनच शिकवत. शिकाऊ पोरं म्हणजे खेड्यांतली, फारसं शिक्षण नसलेली. त्यांच्यासाठी शस्त्रक्रियेचं पाठ्यपुस्तक ते लिहीत होते. मला स्वतःला हे काम सगळ्यात मोलाचं वाटतं. एक डॉक्टर किती माणसं वाचवणार? पण त्याने तयार केलेले विद्यार्थी पुढे कित्येकांना वाचवतात.

१९४१-४२ ही वर्षं तर भयंकरच. मारा, जाळा, लुटा ह्या धोरणाने जपानी सैन्य गावंच्या गावं उद्ध्वस्त करत होतं. सैनिक आणि शेतकरी असा भेद उरला नव्हता. शत्रू आला की इस्पितळ, रुग्ण, विद्यार्थी सगळं उचलून डोंगरात न्यायचं, तो गेला की पुन्हा मांडायचं. अशा धबडग्यात नोव्हेंबर १९४१ मध्ये त्यांनी कुओ चिंग-लान ह्या परिचर्या शिकवणाऱ्या मुलीशी लग्न केलं. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला. नाव ठेवलं 'यिनहुआ'. यिन म्हणजे भारत आणि हुआ म्हणजे चीन.

कोटणीस तटस्थ राहिले नाहीत, हेही सांगायला हवं. जुलै १९४२ मध्ये ते चिनी कम्युनिस्ट पक्षाचे सभासद झाले. त्या पक्षाने पुढे सत्तेवर आल्यावर काय काय केलं ते आपण जाणतो. कोणाला हा निर्णय पटेल, कोणाला नाही. पण ज्यांच्याबरोबर तो माणूस उपाशी राहिला, ज्यांची जळकी घरं त्याने पाहिली, त्यांची बाजू त्याने घेतली, हे विसरून न्याय करू नये.

अपस्माराचे झटके त्यांना येऊ लागले होते. उपचारासाठी, विश्रांतीसाठी दुसरीकडे जा असं सहकारी सांगत होते, पण काम सोडवेना. ९ डिसेंबर १९४२ रोजी पहाटे ते गेले. वय बत्तीस. मुलगा साडेतीन महिन्यांचा. दुसरं पुस्तक अर्धंच राहिलं.

पुढची हकिगत चित्रपटात नाही. यिनहुआ मोठा होऊन वैद्यकीय शिक्षण घेऊ लागला, पण १९६७ मध्ये, अवघ्या चोविसाव्या वर्षी, तोही गेला. चिंग-लानबाईंनी सोलापूरच्या सासरचं नातं मात्र तुटू दिलं नाही. १९६२ च्या युद्धाने दोन देशांत कटुता आली, तरी त्या भारतात येत राहिल्या. २०१२ मध्ये, वयाच्या शहाण्णवाव्या वर्षी त्यांचं निधन झालं. भारतात आलेले अनेक चिनी नेते कोटणीस कुटुंबीयांना आवर्जून भेटले. चीनने १९८२ मध्ये आणि भारताने १९९३ मध्ये त्यांचं टपाल तिकीट काढलं.

शिचियाच्वांग शहरात, बेथ्यून जिथे विसावले आहेत त्याच स्मृती उद्यानात कोटणीसांची समाधी आहे. तेवढं लांब जाणं सगळ्यांना जमेल असं नाही. पण सोलापुरात भैय्या चौकात त्यांच्या घराच्या जागी स्मारक उभं आहे. पुढच्या भारतभेटीत पंढरपूर-अक्कलकोट कराल तेव्हा वाट थोडी वाकडी करा, आणि मुलांनाही बरोबर न्या.