निकोला टेस्ला

निकोला टेस्ला (१० जुलै, १८५६ – ७ जानेवारी, १९४३) हे सर्ब वंशाचे अमेरिकन संशोधक व विद्युत अभियंते होते. प्रत्यावर्ती प्रवाहावर चालणारे प्रवर्तन चलित्र, म्हणजेच इंडक्शन मोटर, आणि त्यास वीज पुरवणारी बहुकला पद्धती हे त्यांचे मुख्य कार्य होय. बिनतारी संदेशाने चालणारी नौका त्यांनी १८९८ मध्ये दाखवली. यंत्रमानवशास्त्राच्या इतिहासात या नौकेचा उल्लेख आवर्जून केला जातो.

बालपण व शिक्षण

टेस्ला यांचा जन्म तत्कालीन ऑस्ट्रियन साम्राज्यातील, सध्याच्या क्रोएशियातील स्मिल्यान या गावी झाला. वडील मिलुटिन हे ऑर्थोडॉक्स चर्चचे धर्मगुरू होते. आई जुका फारशा शिकलेल्या नव्हत्या. परंतु घरकामाची उपकरणे त्या स्वतः तयार करीत आणि सर्बियन वीरगाथा त्यांना मुखोद्गत होत्या. मुलाने धर्मगुरू व्हावे अशी वडिलांची इच्छा होती. १८७३ मध्ये टेस्ला पटकीने मरणोन्मुख झाले असता, बरा झालास तर अभियांत्रिकी शिकू देईन, असे वचन वडिलांनी दिले व पुढे ते पाळले.

१८७५ मध्ये ते ग्राझ येथील तंत्रशाळेत दाखल झाले. तेथे वर्गात दाखवलेल्या ग्राम यंत्रात दिक्परिवर्तकावर घासणाऱ्या ब्रशांतून ठिणग्या उडत होत्या. हा भाग काढूनच टाकता येईल, असे टेस्ला यांनी सुचवले. प्राध्यापक पोशल यांनी ही कल्पना अशक्य कोटीतील असल्याचे वर्गासमोर सिद्ध करून दाखवले. पदवी न घेताच टेस्ला यांचे शिक्षण संपले. हा प्रश्न मात्र त्यांनी सोडला नाही.

फिरते चुंबकीय क्षेत्र

त्यांच्या आत्मकथनानुसार १८८२ मध्ये बुडापेस्टच्या एका उद्यानात फिरत असताना, गटेच्या काव्याचे पठण करता करता त्यांना उत्तर सुचले. दोन वेटोळी परस्परांशी काटकोनात ठेवून त्यांत पाव आवर्तनाच्या अंतराने मागेपुढे असणारे प्रत्यावर्ती प्रवाह सोडले, की दोहोंचे मिळून होणारे चुंबकीय क्षेत्र स्वतःच गोल फिरू लागते. या क्षेत्रात ठेवलेल्या परिभ्रमी भागात प्रवाह प्रवर्तित होतो व तो भाग क्षेत्रामागोमाग ओढला जातो. तो क्षेत्राच्या गतीला पूर्णपणे कधीच गाठत नाही. गाठले तर प्रवर्तनच थांबेल. फिरणाऱ्या भागाला तार जोडावी लागत नाही, म्हणून ब्रश नाहीत आणि ठिणग्याही नाहीत.

१८८३ मध्ये स्ट्रासबर्ग येथे त्यांनी पहिली प्रतिकृती तयार केली, परंतु तिच्यासाठी भांडवल देणारा कोणी मिळाला नाही. इटलीतील गॅलिलिओ फेरारिस हेही स्वतंत्रपणे याच तत्त्वापर्यंत पोहोचले होते. त्यांचा निबंध मार्च १८८८ मध्ये, म्हणजे टेस्ला यांच्या पेटंटांच्या थोडा आधी प्रसिद्ध झाला. त्यामुळे श्रेय एकट्या टेस्ला यांना देणे योग्य नव्हे.

अमेरिकेतील कार्य

१८८४ मध्ये टेस्ला न्यूयॉर्कला गेले व एडिसन यांच्या कारखान्यात सुमारे सहा महिने राहिले. एडिसन यांनी पन्नास हजार डॉलरचे आश्वासन मोडल्याची कथा सर्वत्र सांगितली जाते; टेस्ला यांच्या आत्मकथनात मात्र आश्वासन देणारी व्यक्ती व्यवस्थापक आहे. त्यानंतर स्थापन झालेल्या कंपनीने त्यांची दिव्यांची पेटंटे स्वतःकडे ठेवून त्यांना रिकाम्या हाती बाहेर काढले. काही काळ त्यांनी खड्डे खणण्याची मजुरीही केली.

१८८७ मध्ये नवे भागीदार मिळाल्यावर लिबर्टी स्ट्रीटवर प्रयोगशाळा उभी राहिली. १ मे, १८८८ रोजी चलित्राची पेटंटे मंजूर झाली आणि त्याच महिन्यात अमेरिकन विद्युत अभियंत्यांच्या संस्थेत त्यांचे व्याख्यान झाले. लवकरच जॉर्ज वेस्टिंगहाउस यांनी हक्क घेतले. करारात प्रत्येक अश्वशक्तीमागे अडीच डॉलर स्वामित्वधन ठरले होते. तरीही चलित्र लगेच बाजारात आले नाही. कंपनीची वीजव्यवस्था सेकंदाला १३३ आवर्तनांची व एककला होती, तर या चलित्राला कमी आवर्तनांचा, बहुकला पुरवठा हवा होता. यंत्रासाठी व्यवस्थाच बदलावी लागली. या कामात स्कॉट व लॅम या अभियंत्यांचा मोठा वाटा होता, पण लोकप्रिय चरित्रांत ते सहसा आढळत नाहीत. नायगारा येथील वीज १८९६ मध्ये बफेलो शहरात पोहोचली. १८९७ मध्ये वेस्टिंगहाउस कंपनीने २,१६,००० डॉलर देऊन पेटंटे कायमची विकत घेतली. प्रति अश्वशक्ती मिळणारे धन तोवर सुटले होते.

दूरनियंत्रित नौका

१८९८ मध्ये मॅडिसन स्क्वेअर गार्डन येथे टेस्ला यांनी पाण्याच्या कुंडात एक लहान लोखंडी नौका चालवून दाखवली. पंखा फिरवण्यास एक चलित्र, सुकाणू वळवण्यास दुसरे, आणि दोहोंना वीज पुरवणारे विद्युतघट नौकेतच होते. दुरून येई तो केवळ संदेश. शक्ती यंत्राच्या पोटात व आज्ञा बाहेरून, अशी ही विभागणी आजही अनेक फिरत्या यंत्रमानवांत दिसते. याचे पेटंट ८ नोव्हेंबर, १८९८ रोजी मिळाले. आरमाराने मात्र रस घेतला नाही. ही नौका चालकाची उसनी बुद्धी वापरते, पुढील यंत्रांना स्वतःची बुद्धी असेल, असे मत त्यांनी १९०० मधील एका दीर्घ लेखात मांडले. रोबो हा शब्द कारेल चापेक यांच्या नाटकातून रूढ होण्यास तेव्हा वीस वर्षे अवकाश होता.

उत्तरायुष्य

वॉर्डनक्लिफ येथील बिनतारी प्रक्षेपणाचा मनोरा जे. पी. मॉर्गन यांनी पुढील पैसे नाकारल्याने अपुरा राहिला व १९१७ मध्ये पाडण्यात आला. त्याच वर्षी टेस्ला यांना एडिसन यांच्या नावाचे पदक मिळाले. पुढील काळ हॉटेलांची बिले थकवीत, कबुतरांना दाणे घालीत गेला. न्यूयॉर्कर हॉटेलच्या ३३२७ क्रमांकाच्या खोलीत ते मृत्यू पावले. ते अविवाहित होते. त्यांची कागदपत्रे व अस्थी बेलग्रेड येथील निकोला टेस्ला संग्रहालयात आहेत. १९६० मध्ये चुंबकीय प्रवाह घनतेच्या एककाला टेस्ला हे नाव देण्यात आले.