जोसेफ हूकर आणि समुद्रातील रान

लहानपणी जोसेफ हूकर आजोबांच्या मांडीवर बसून कॅप्टन कुक यांच्या सफरींचे पुस्तक पाहत असे. त्यातले एक चित्र त्याला फार आवडे. कमानीसारखा खडक, किनाऱ्यावर पेंग्विन पक्षी आणि त्यांना मारणारे खलाशी. ते केर्गेलेन बेट होते. हा खडक आपल्याला पाहायला मिळावा, असे त्या मुलाला फार वाटे.

जोसेफचा जन्म १८१७ साली इंग्लंडमध्ये झाला. वडील वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते. १८३९ मध्ये वैद्यकाची पदवी घेऊन हूकर 'एरेबस' जहाजावर साहाय्यक डॉक्टर झाले. जहाज दक्षिण ध्रुवाकडे निघाले होते. मे १८४० मध्ये ते केर्गेलेनला पोहोचले आणि चित्रातला खडक खरोखरच समोर उभा राहिला! (ती कमान पुढे कोसळली. आता तिचे दोन खांबच उरले आहेत.)

हे बेट हिंदी महासागराच्या दक्षिण भागात आहे. आफ्रिका व ऑस्ट्रेलिया दोन्ही तीन हजार किलोमीटरांहून दूर. बेटावर एकही झाड नाही. त्यात हिवाळा होता. आपण मसाल्यात घालतो त्या दगडफुलासारख्या वनस्पती खडकाला गोठून चिकटलेल्या असत. हूकर त्यांच्यावर बसून अंगाच्या उबेने बर्फ वितळवत! सरकारने साहित्य फारसे दिले नव्हते. नमुने लोणच्याच्या रिकाम्या बाटल्यांत ठेवावे लागत.

जमीन उघडी असली, तरी पाण्यात रान माजले होते. फुलझाडांच्या जाती वीसही नव्हत्या. समुद्री शेवाळाच्या जाती त्यांच्या दुपटीहून अधिक होत्या. एका शेवाळाचे दोरीसारखे देठ समुद्राच्या तळापासून वर येऊन लाटांवर पसरत. दुसरे, ड्यूर्व्हिलिया, चामड्यासारखे जाड होते. त्याच्या पात्यांत मधाच्या पोळ्यासारखी हवेची घरे असतात, म्हणून ते बुडत नाही.

पुढे हीच शेवाळे हूकरना दक्षिण अमेरिकेच्या टोकाशीही दिसली. मध्ये हजारो किलोमीटर समुद्र! मग त्या भागातल्या वनस्पती इतक्या दूर कशा पसरल्या? पूर्वी तेथे जमीन असावी आणि ती बुडाली असावी, असे हूकरना वाटे. त्यांचे जिवलग मित्र चार्ल्स डार्विन यांना हे पटत नसे. प्रवाह, बर्फ आणि पक्षी हेच वाहक, असे ते मानत. पत्रांतून हा वाद वर्षानुवर्षे चालला, पण मैत्री तुटली नाही.

हूकर हिमालयात हिंडले, भारतातील वनस्पतींवर त्यांनी सात खंडांचा ग्रंथ सिद्ध केला आणि १९११ साली ते वारले. प्रश्न मात्र तसाच राहिला. २००९ मध्ये शास्त्रज्ञांनी दक्षिणेकडील अनेक बेटांवरच्या ड्यूर्व्हिलियाची जनुके तपासली. ती जवळजवळ सारखीच निघाली. हिमयुगात बर्फाने तेथील शेवाळ नष्ट केले असावे आणि नंतर प्रवाहावर तरंगत नवे येऊन रुजले असावे. निदान शेवाळापुरते डार्विन बरोबर ठरले. २०१८ मध्ये तर अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यावर आलेल्या एका शेवाळाचे घर केर्गेलेन असल्याचे जाहीर झाले. ते वीस हजार किलोमीटरांहून अधिक वाहत आले होते.