बेडरिख स्मेताना व त्याची नदी

नदीचें वर्णन शब्दांनीं करणारे कवि प्रत्येक देशांत झाले आहेत; परंतु एकहि शब्द न योजितां केवळ वाद्यांच्या साह्यानें ती श्रोत्यांपुढें वाहती करणारा विरळा. बोहेमियांतील संगीतकार बेडरिख स्मेताना यानें तें केलें. आणि केलें तें अशा काळीं कीं, जेव्हां जवळ बसलेल्या मनुष्याचा शब्दहि त्यास ऐकूं येत नव्हता. त्याचें चरित्र आम्हीं वाचकांपुढें थोडक्यांत मांडण्याचें योजिलें आहे.

स्मेतानाचा जन्म लिटोमिश्ल गांवीं २ मार्च १८२४ रोजीं झाला. वडिलांचा धंदा बिअर गाळण्याचा. पण त्यांस व्हायोलिनचा मोठा नाद होता. मुलानें सहाव्या वर्षींच लोकांसमोर पियानो वाजविला. बोहेमिया त्या वेळीं ऑस्ट्रियाच्या अमलाखालीं असून शिक्षण जर्मन भाषेंतून चाले. त्यामुळें पुढें चेक राष्ट्राचा संगीतकार म्हणून गाजलेल्या या गृहस्थास शुद्ध चेक लिहितां यावी म्हणून चाळिशीच्या सुमारास व्याकरण घोकावें लागलें. परभाषेंतून शिकणाऱ्या आम्हांस याचें फारसें नवल वाटत नाहीं.

१८४३ सालीं तो प्राग शहरीं आला. १८४८ मध्यें त्यानें तेथें संगीतशाळा काढली, व पुढल्या वर्षीं विवाह केला. चार मुली झाल्या. त्यांपैकीं तीन १८५४ ते १८५६ या अवधींत दगावल्या. संगीताची उपजत आवड असलेली थोरली गेली, तेव्हां त्यानें पियानो, व्हायोलिन व चेलो यांकरितां जी रचना केली, तींत बापाचा शोक आजहि ऐकूं येतो. पुढें तो स्वीडनमध्यें गोथेनबर्ग येथें जाऊन राहिला. १८५९ सालीं स्वदेशीं परततांना वाटेंत ड्रेस्डेन येथें पत्नीहि वारली. १८६६ सालीं प्राग येथें त्याचें ‘विकलेली नवरी’ हें संगीतनाटक रंगभूमीवर आलें, व त्याच वर्षीं तो तेथील नाट्यगृहाचा वाद्यवृंदनायक झाला.

१८७४ च्या उन्हाळ्यांत त्याच्या कानांत गुणगुण सुरू झाली. ऑक्टोबर संपण्यापूर्वीं दोन्ही कान गेले, आणि नायकाची जागाहि गेली. बहिऱ्यानें संगीत कसें लिहावें, अशी शंका येईल. परंतु पत्र वाचतांना लिहिणाराचा आवाज आपणांस मनांत ऐकूं येतो, तसा मुरलेल्या संगीतकारास कागदावरील स्वर ऐकूं येतो. २० नोव्हेंबरपासून ८ डिसेंबरपर्यंत, अवघ्या १९ दिवसांत, त्यानें ‘व्हल्टावा’ हें संगीतचित्र पुरें केलें. ‘माझा देश’ या सहा चित्रांच्या मालिकेंतील हें दुसरें.

आरंभीं दोन फ्लूट झुळझुळूं लागतात. हा थंड पाण्याचा झरा. मग क्लॅरिनेट मिळतात. हा दुसरा, कोमट पाण्याचा. दोन्ही एकत्र होतांच व्हायोलिनांतून ती विस्तीर्ण चाल निघते, जी एकदां ऐकल्यावर आम्हांस तरी विसरतां आली नाहीं. कांठच्या रानांत शिकाऱ्यांचीं शिंगें वाजतात. पुढें खेड्यांत लग्नाचा नाच चाललेला असतो. मग रात्र पडते, व चांदण्यांत जलपऱ्या खेळतात. सेंट जॉनच्या धबधब्यांशीं मात्र सारा वाद्यवृंद खवळून उठतो. हे धबधबे विसाव्या शतकांत श्टेखोविचे येथील धरणाच्या पाण्याखालीं गेले. त्यांची गर्जना आतां या संगीतांतच उरली आहे. त्यापुढें नदी शांत व रुंद होऊन प्रागच्या विशेहराद दुर्गाखालून दूर निघून जाते.

४ एप्रिल १८७५ रोजीं हें प्रथम वाजविलें गेलें. ऐकूं न आलेला श्रोता एकच, तो कर्ता. १८७६ त तो वांचलेल्या मुलीच्या घरीं याबकेनित्से येथें राहावयास गेला, व तेथें लिहिलेल्या एका चतुर्वाद्य रचनेंत शेवटीं व्हायोलिनचा एक उंच, तीक्ष्ण स्वर घालून त्यानें आपल्या कानांतील त्या जीवघेण्या नादाची नोंद करून ठेविली. १८८२ सालीं सबंध मालिका प्रागमध्यें वाजली. अखेरीस बुद्धिहि भ्रमली; १२ मे १८८४ रोजीं वेड्यांच्या इस्पितळांत त्याचा अंत झाला. त्याची कबर विशेहरादवर आहे; खडकाच्या पायथ्याशीं व्हल्टावा वाहते.