माणूस कुणाच्या मुखातून जन्मला नाही!

जानेवारी २०१८ मध्ये औरंगाबाद येथील एका वैदिक संमेलनात तत्कालीन केंद्रीय राज्यमंत्र्यांनी डार्विनचा सिद्धांत चुकीचा ठरवून टाकला. माकडाचा माणूस होताना आपल्या पूर्वजांपैकी कोणी पाहिले नाही, हा त्यांचा पुरावा! पुढे २०२३ मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या विज्ञान पुस्तकातून उत्क्रांतीचा भागच वगळण्यात आला. देशातील १,८०० हून अधिक वैज्ञानिक व शिक्षकांनी सह्यांचे पत्रक काढून निषेध केला. आपल्या वस्त्यांत मात्र या गोष्टीची म्हणावी तशी चर्चा झाली नाही, याची आम्हाला खंत वाटते.

आम्ही वकिली करतो. कोणी डोळ्यांनी पाहिले नाही, एवढ्यावरून खटला निकालात निघत नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. परिस्थितीजन्य पुराव्याची साखळी पूर्ण जुळली, तर साक्षीदाराविनाही गोष्ट सिद्ध होते. माणूस आणि वानर यांच्या नात्याचा खटला इंग्लंडमध्ये दीडशे वर्षांपूर्वी असाच पुराव्यानिशी लढवला गेला. तो लढवणारे थॉमस हेन्री हक्सले. डार्विनचे नाव सर्वांना माहीत आहे. हक्सले आपल्या वाचकांना माहीत असणे अधिक गरजेचे आहे.

४ मे १८२५ रोजी लंडनजवळच्या ईलिंग गावी एका शाळामास्तराच्या घरी त्यांचा जन्म झाला. घरची परिस्थिती बेताची. शाळा मिळाली जेमतेम दोन वर्षे. बाकीचे शिक्षण स्वतःच पुस्तके वाचून घेतले, जर्मन भाषाही स्वतःच शिकले. कोवळ्या वयात डॉक्टरांच्या हाताखाली उमेदवारी करताना लंडनच्या गोदी भागातील उपासमार आणि रोगराई त्यांनी जवळून पाहिली. पुढे शिष्यवृत्तीवर चेरिंग क्रॉस रुग्णालयात वैद्यकाचे शिक्षण झाले, पण विद्यापीठाची पदवी पुरी झाली नाही. १८४६ मध्ये ते आरमाराच्या रॅटलस्नेक जहाजावर सहायक शल्यवैद्य म्हणून चढले. चार वर्षांच्या सफरीत त्यांनी समुद्रातील जेलीफिशसारख्या जीवांचा असा अभ्यास केला की १८५१ मध्ये रॉयल सोसायटीने या पदवी नसलेल्या तरुणाला आपला सदस्य करून घेतले. जिथे उमरावांची आणि धर्मगुरूंची मुले मिरवत होती, तिथे हा शाळामास्तराचा मुलगा केवळ कामाच्या बळावर पोहोचला.

डार्विन यांचा ग्रंथ नोव्हेंबर १८५९ मध्ये निघाला. त्यात माणसाच्या उत्पत्तीविषयी त्यांनी जवळजवळ मौनच पाळले होते. जून १८६० मध्ये ऑक्सफर्डच्या सभेत बिशप विल्बरफोर्स यांनी हक्सले यांची थट्टा केली. वानराशी तुमचे नाते आजोबांकडून की आजीकडून, असे विचारले म्हणतात. आपल्या बुद्धीचा आणि वजनाचा उपयोग सत्य दडपण्यासाठी करणाऱ्या माणसापेक्षा वानर पूर्वज असलेला बरा, अशा आशयाचे उत्तर हक्सले यांनी दिले. या खडाजंगीची शब्दशः नोंद कोणी ठेवली नाही. पण तेव्हापासून धर्मसत्तेसमोर मान न झुकवणारा माणूस अशी त्यांची ख्याती झाली.

खरी लढाई मात्र सभेत नव्हे, विच्छेदनाच्या टेबलावर झाली. रिचर्ड ओवेन हे त्या काळचे मोठे शरीरशास्त्रज्ञ. माणसाच्या मेंदूत एक विशिष्ट भाग असतो, तो वानरांत नसतो, म्हणून माणसाचा वर्गच निराळा, असे त्यांचे म्हणणे होते. हक्सले यांनी मेंदू चिरून तो भाग वानरांतही असल्याचे दाखवून दिले. गोरिलाच्या मागच्या पायाला लोक हात समजत. हाडे आणि स्नायू मोजून तो पायच आहे, हे त्यांनी सिद्ध केले. माणूस आणि गोरिला यांच्यातील शारीरिक फरक हा गोरिला आणि खालच्या दर्जाची माकडे यांच्यातील फरकापेक्षा कमी आहे, हा त्यांचा निष्कर्ष १८६३ च्या ग्रंथात आला. त्या ग्रंथाच्या इंग्रजी नावातच पुरावा हा शब्द आहे! डार्विन यांचा मानवाविषयीचा ग्रंथ यायला अजून आठ वर्षे होती.

आम्हाला अधिक भावते ते हे, की हा विषय त्यांनी आधी लंडनच्या कामगारांपुढे मांडला. १८५५ पासून ते कामगारांसाठी व्याख्याने देत आणि १८६१ मध्ये माणूस व वानर हाच त्यांचा विषय होता. हातावर पोट असलेली माणसे दिवसभराचे काम आटोपून ते ऐकायला येत. पुढे १८७० मध्ये लंडनच्या पहिल्या शाळा मंडळावर ते निवडून आले आणि गरिबांच्या मुलांना विज्ञान मिळावे म्हणून झगडले.

पुराव्याचा हा आग्रह त्यांनी स्वतःच्या दुःखातही सोडला नाही. १८६० मध्ये त्यांचा चार वर्षांचाही न झालेला मुलगा तापाने गेला. एका धर्मगुरू मित्राने आत्म्याच्या अमरत्वाचा दिलासा दिला. पुरावा नसलेली गोष्ट केवळ सुख देते म्हणून मानणार नाही, असे त्यांनी नम्रपणे कळवले.

हक्सले निर्दोष होते असे आम्ही म्हणणार नाही. १८६५ मध्ये जमैकाच्या गव्हर्नराने कृष्णवर्णीयांचा उठाव चिरडताना शेकडो माणसे मारली, तेव्हा त्याच्यावर खटला भरावा म्हणून हक्सले उभे राहिले. पण त्याच वर्षी गुलामगिरीविरुद्ध लिहिताना कृष्णवर्णीय बुद्धीने गोऱ्यांच्या बरोबरीचे नाहीत, असेही त्यांनी लिहिले. वानराच्या मेंदूबाबत पुरावा मागणारा हा माणूस इथे पुरावा मागायला विसरला. विज्ञानवादी माणसालाही वर्चस्वाची सवय कशी लागते, हे यातून शिकावे.

मे १८९३ मध्ये त्याच ऑक्सफर्डला त्यांनी आणखी एक मोठे व्याख्यान दिले. बळी तो कान पिळी हा निसर्गाचा नियम समाजालाही लागू करा, असे सांगणारे तेव्हा माजले होते. हक्सले यांनी त्यांना बजावले की समाजाची नैतिक प्रगती निसर्गाच्या झुंजीची नक्कल करून नव्हे, तिच्याशी लढून होते. या व्याख्यानात त्यांनी तथागत बुद्धांचाही विचार घेतला. निर्माता ईश्वर आणि नित्य आत्मा न मानता, राजसत्तेच्या बळाशिवाय हा धम्म जगात पसरला, याचे त्यांना मोल होते. मात्र बुद्धांचा मार्ग जगापासून निवृत्तीचा आहे असे ते समजले. इथे आमचा मतभेद आहे. बाबासाहेबांनी १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या धम्मग्रंथातून दाखवलेला बुद्ध समाज बदलणारा आहे. तो हक्सले यांना भेटला नाही. २९ जून १८९५ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांच्यानंतर पुरावा वाढतच गेला. २००५ मध्ये चिंपँझीच्या जनुकसंचाचा आराखडा प्रसिद्ध झाला. जुळवून पाहता येणाऱ्या भागात त्यातील अक्षरे आपल्याशी जवळपास ९९ टक्के जुळतात. त्याची गुणसूत्रे ४८, आपली ४६. कारण पूर्वजांतील दोन गुणसूत्रे जोडली जाऊन आपले दुसरे गुणसूत्र बनले. त्या सांध्याची खूण आजही तिथे आहे. आजच्या माकडाचा माणूस झाला, असे विज्ञान म्हणतच नाही. सुमारे ६० ते ७० लाख वर्षांपूर्वी आपला आणि चिंपँझीचा पूर्वज एक होता, एवढेच ते सांगते.

मग या सिद्धांताची कोणाला एवढी भीती वाटते? पुरुषसूक्त सांगते, ब्राह्मण मुखातून आणि शूद्र पायांतून निघाला. अस्पृश्याला तर त्या देहात जागाच नाही. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये शूद्रांवरील ग्रंथात या सूक्ताची चिरफाड केली. १९४८ मध्ये अस्पृश्यांवरील ग्रंथात नाकांची मोजमापे तपासून अस्पृश्य वेगळ्या वंशाचे नाहीत हे मांडले. तीच पुराव्याची रीत! सर्वांचा पूर्वज एक, तर मुख कोणते आणि पाय कोणाचे?

वैज्ञानिक दृष्टिकोन बाळगणे हे संविधानाच्या कलम ५१ क नुसार १९७६ पासून प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य आहे. पुस्तकातून धडा काढता येतो, कर्तव्य काढता येत नाही. म्हणून आमची सूचना साधी आहे. रविवारी विहारात वंदनेनंतर एक तास दहावीच्या मुलांना हा धडा शिकवा. हक्सले यांनी कामगारांना शिकवला, तो आपण आपल्या मुलांना शिकवू शकत नाही काय?

जय भीम!