पानातून पानात

आमच्या लेखकमंडळींत कमलाबाई सोहोनींची ओळख करून दिली जाते ती दुर्गा भागवतांची धाकटी बहीण म्हणून. मला हा कमलाबाईंवर अन्याय वाटतो.

बँकेच्या नोकरीत सातारा आणि सांगली जिल्ह्यांतली पीककर्जाची प्रकरणे माझ्या हाताखालून गेली. कोरेगावचा वाघ्या घेवडा, माणची मटकी, जतकडची तूर. कर्जाच्या कागदावर एकर असतात, रुपये असतात. दाण्यात प्रथिने येतात कुठून आणि खाणाऱ्याच्या अंगी किती लागतात, याला तिथे रकाना नसतो. कमलाबाईंचे आयुष्य त्याच हिशेबात गेले.

त्यांचा जन्म 1911 सालचा, इंदूरचा. वडील आणि काका दोघेही बंगळूरच्या टाटांच्या विज्ञानसंस्थेत शिकलेले रसायनशास्त्रज्ञ. 1933 साली मुंबई विद्यापीठाच्या बी. एस्सी.ला पहिल्या आलेल्या मुलीने त्याच संस्थेत अर्ज केला, आणि संचालक सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून तो नाकारला. नोबेल मिळवलेला माणूस! कमला थेट बंगळूरला जाऊन धडकली आणि सत्याग्रहाचा पवित्रा घेतला. अखेर प्रवेश मिळाला, पण वर्षभर परीक्षेवर, आणि मुलांचे लक्ष विचलित होता कामा नये या अटीवर. तो अपमान त्या जन्मभर विसरल्या नाहीत. वर्षानंतर रामन यांचे समाधान झाले आणि इतर मुलींसाठीही संस्थेचे दार उघडले. श्रीनिवासय्या या गुरूंच्या हाताखाली त्यांनी दुधातल्या आणि डाळींतल्या प्रथिनांवर काम केले.

पुढे केंब्रिज. तिथे रॉबिन हिल यांच्याकडे त्यांनी वनस्पतींच्या पेशींचा अभ्यास केला. बटाट्यावर काम करताना त्यांना सायटोक्रोम सी हे पेशीच्या श्वसनातले द्रव्य सापडले, आणि ते वनस्पतींतही असते हे दिसले. अवघ्या चाळीसेक पानांच्या प्रबंधावर 1939 साली पीएच. डी. मिळाली.

हे हिल म्हणजे पानातली हरितलवके बाहेर काढून, त्यांवर उजेड पाडून ऑक्सिजन निघतो हे 1937 साली दाखवणारे शास्त्रज्ञ. हरितलवक फक्त साखरेची सोय करते, असे आपण शाळेत शिकतो. पण मुळांनी ओढलेला नायट्रेटरूपी नत्र पानात पोहोचला की उजेडातून मिळालेल्या शक्तीने हरितलवकातच त्याचा अमोनिया होतो. तो ग्लुटामेट नावाच्या अमिनो आम्लाला जोडला जाऊन ग्लुटामाइन बनते, त्यातून पुन्हा ग्लुटामेट, आणि त्याच्याकडून नत्र घेऊन इतर अमिनो आम्ले. ही वाट 1974 साली स्पष्ट झाली. कडधान्यांना तर मुळांवरच्या गाठींतले जिवाणूही हवेतला नत्र पुरवतात. हा सारा माल शेवटी शेंगेत, दाण्यात साठतो.

दाण्यात साठला म्हणजे पोटात पोहोचला असे मात्र नाही, आणि कमलाबाईंचे काम इथे सुरू होते. दिल्ली आणि कुन्नूर करून, 1947 साली लग्नानंतर त्या मुंबईच्या विज्ञानसंस्थेत आल्या. कच्च्या कडधान्यांत प्रथिने पचवणाऱ्या ट्रिप्सिनलाच अडवणारी द्रव्ये असतात. वाल आणि डबल बीमधली अशी द्रव्ये त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्याने स्फटिकरूपात वेगळी केली. तो शोध 1955 साली ‘नेचर’मध्ये छापून आला. नीट शिजवले की या द्रव्यांचा जोर बराचसा मोडतो. वाल भिजवून, मोड आणून, सोलून, मऊ शिजवणाऱ्या आपल्या आज्यांना ट्रिप्सिन ठाऊक नव्हते. पण गरिबाच्या घरी जिथे आमटी हेच प्रथिन, तिथे दाणा कच्चट राहणे म्हणजे शेतातली कमाई वाया घालवणे, हे प्रयोगशाळेने सिद्ध केले.

त्याच वृत्तीने त्या नीरेकडे वळल्या. कुपोषित आदिवासी मुलांना आणि गरोदर बायांना तिचा उपयोग होतो हे दाखवल्याबद्दल त्यांना राष्ट्रपती पारितोषिक मिळाले. संस्थेचे संचालकपदही मिळाले, पण पन्नाशी उलटल्यावर. निवृत्तीनंतर ग्राहक चळवळीत जाऊन त्यांनी अन्नातल्या भेसळीवर लिहिले, आणि मराठीत मुलांसाठी विज्ञानाची पुस्तकेही.

1998 साली भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने दिल्लीत त्यांचा सत्कार योजला. त्या समारंभातच त्या कोसळल्या आणि लवकरच गेल्या.