येवल्याची अंबा

अहिल्यानगरहून, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरहून, मनमाडकडे जाणारा रस्ता राहुरी, शिर्डी, कोपरगाव ही गावे मागे टाकतो आणि आपल्या जिल्ह्याची हद्द ओलांडतो. त्यानंतर लागणारे मोठे गाव म्हणजे येवला. हे गाव नाशिक जिल्ह्यात मोडते. येवल्याची पैठणी साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. रेशीम, जर आणि हातमाग यांवर या गावाचा संसार चालत आला. याच गावात १८ एप्रिल १९१६ रोजी लक्ष्मणराव सगुण या रेशमी व सुती कापडाच्या व्यापाऱ्याच्या घरी एक मुलगी जन्मली. तिचे नाव अंबा. हीच अंबा पुढे ललिता पवार या नावाने देशभर ओळखली जाऊ लागली.

मुलांनो, घरी आजी-आजोबांना हे नाव विचारून पाहा. बहुतेकांना पहिल्यांदा आठवेल ती सुनेला छळणारी खाष्ट सासू. खाष्ट म्हणजे कडक आणि सतत घालून-पाडून बोलणारी. एखादी बाई फार कडक वागू लागली की तिला ललिता पवार म्हणण्याची पद्धत आपल्याकडे पडून गेली. असे भाग्य, किंवा असे दुर्भाग्य म्हणा, फार थोड्या कलावंतांच्या वाट्याला येते. पण या बाईंनी चित्रपटात पाऊल टाकले ते खलनायिका होण्यासाठी नव्हे. त्या नायिका होत्या.

तो काळ मूकपटांचा होता. मूकपट म्हणजे आवाज नसलेला चित्रपट. दादासाहेब फाळके यांनी १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ काढला, तेव्हा राणी तारामतीचे काम अण्णा साळुंके या पुरुषाने केले होते. पडद्यावर यायला स्त्रिया तयार नसत आणि घरचे लोक परवानगी देत नसत. त्यानंतर पंधरा वर्षांनी, १९२८ मध्ये, पुण्याच्या सरपोतदारांच्या कंपनीने त्याच नावाचा चित्रपट काढला. त्यात लहानगी अंबा पहिल्यांदा पडद्यावर आली. मूकपटात अभिनय करायचा तो चेहऱ्याने आणि हातापायांनी. शब्दांचा आधार मुळीच नसतो. ही शिकवण अंबाला पुढे फार उपयोगी पडली.

मोठी झाल्यावर ती दिग्दर्शक गणपतराव पवार यांच्या चित्रपटांत नायिका झाली आणि त्यांच्याशीच तिचे लग्न झाले. अंबाची ललिता पवार झाली. १९३२ मध्ये ‘कैलास’ या मूकपटात त्यांनी काम केले आणि त्याच्या निर्मितीतही वाटा उचलला. स्वतःचा पैसा चित्रपटात घालणारी सोळा वर्षांची मुलगी त्या काळात क्वचितच सापडली असती. १९३८ मध्ये ‘दुनिया क्या है’ हा चित्रपटही त्यांनी काढला. तो टॉल्स्टॉय या रशियन लेखकाच्या कादंबरीवर आधारलेला होता.

मधल्या काळात एक मोठा बदल घडला. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईत ‘आलम आरा’ प्रदर्शित झाला आणि चित्रपट बोलू लागला. अनेक नट-नट्या या बदलात मागे पडल्या, कारण त्यांना नीट बोलता येत नव्हते. मुंबईच्या बोलपटांची भाषा हिंदुस्थानी होती आणि तिच्यात उर्दू शब्द विपुल असत. ललिताबाईंची मातृभाषा मराठी. तुम्ही आज मराठी शिकता, तशी त्यांना ही दुसरी भाषा आपलीशी करावी लागली असणार. १९३५ साली आलेल्या त्यांच्या बोलपटाचे नाव होते ‘हिम्मत-ए-मर्दा’. ही म्हण तुमच्या घरात रोज कानावर पडते, म्हणून तिचा अर्थ सांगत नाही. त्या काळात त्या गातही असत. धाडसाच्या चित्रपटांत त्या शोभत, कारण चेहरा सुंदर होता आणि अंगात चपळाई होती.

पुढे १९४२ च्या सुमारास सारे बदलले. एका चित्रपटात भगवान या नटाने त्यांना थप्पड मारण्याचा प्रसंग होता. हेच भगवान नंतर ‘अलबेला’मुळे भगवानदादा म्हणून गाजले. पडद्यावरची थप्पड खोटी असते. हात गालाजवळून जातो आणि आवाज मागाहून भरला जातो. त्या दिवशी अंदाज चुकला आणि हात जोराने बसला. ललिताबाईंच्या चेहऱ्याच्या डाव्या बाजूला पक्षाघात झाला, म्हणजे घरी आपण ज्याला लकवा म्हणतो तो झाला. डाव्या डोळ्याची शीर फुटली. बराच काळ औषधोपचार चालले. चेहरा पुष्कळ सावरला, पण डावा डोळा कायमचा बारीक झाला.

त्या वेळी त्या सव्वीस वर्षांच्या होत्या. नायिकेच्या दृष्टीने हा फटका किती मोठा होता, ते नीट समजून घ्या. चित्रपटगृहाच्या पडद्यावर माणसाचा चेहरा भिंतीएवढा दिसतो. समोर बसलेल्याला जी उणीव जाणवणारही नाही, ती तिथे शेवटच्या रांगेतल्या माणसालाही दिसते. आणि नायिकेकडून तर त्या काळी आधी रूपाचीच अपेक्षा असे. म्हणजे हात-पाय धड होते, आवाज धड होता, अभिनय येत होता, तरी त्यांची नोकरी गेली होती असेच म्हणावे लागेल. पगारी माणसाला आजारपणाची रजा मिळते. नटीला ती कोण देणार?

ललिताबाई घरी बसल्या नाहीत. नायिकेच्या भूमिका मिळत नाहीत, तर ज्या मिळतील त्या करायच्या, असे त्यांनी ठरवले. १९४४ मध्ये प्रभात कंपनीचा ‘रामशास्त्री’ हा चित्रपट आला. त्यात त्या आनंदीबाई झाल्या. १७७३ मध्ये पुण्यात नारायणराव पेशवे यांचा खून झाला. त्यांना धरण्याच्या हुकुमात आनंदीबाईने ‘ध’चा ‘मा’ केला, म्हणजे ‘धरावे’चे ‘मारावे’ केले, असे परंपरेने सांगतात. ‘ध’चा ‘मा’ करणे हा वाक्प्रचार त्यावरूनच आला. तुमच्या परीक्षेत तो येईल, म्हणून लक्षात ठेवा. अशी भूमिका करायला सुंदर चेहऱ्यापेक्षा धारदार नजर लागते, आणि ती ललिताबाईंजवळ होती.

इथून पुढे त्यांनी जे केले ते मला फार मोलाचे वाटते. बारीक झालेला डोळा त्यांनी लपवला नाही. केसांची बट पुढे ओढून किंवा मान वळवून तो झाकता आला असता. उलट त्यांनी त्याला कामाला लावले. मान किंचित कलती करायची, एक भुवई वर चढवायची आणि त्या अर्धवट मिटलेल्या डोळ्याने सुनेकडे पाहायचे. एवढ्यावर चित्रपटगृहातल्या बायका चिडून उठत. मूकपटात शिकलेली विद्या बोलपटात अशी कामास आली. १९५० मध्ये व्ही. शांताराम यांनी ‘दहेज’ काढला. हुंड्यासाठी, म्हणजे जहेजसाठी, सुनेचे जिणे अशक्य करणारी सासू त्यात ललिताबाईंनी केली. शेवटी त्या सुनेचा बळी जातो. हुंड्याला बंदी करणारा कायदा त्यानंतर अकरा वर्षांनी, १९६१ मध्ये झाला. प्रेक्षकांना हुंड्याची चीड यावी, तर आधी ती हुंडा मागणारी बाई खरी वाटायला हवी होती. ललिताबाईंनी ती इतकी खरी केली की लोकांनी तो राग त्यांच्यावरच धरला.

एक गोष्ट खटकते तीही सांगतो. आपल्या चित्रपटांनी वयस्क स्त्रीला बहुधा दोनच खोल्या दिल्या. एका खोलीत रडणारी आई, दुसऱ्या खोलीत छळणारी सासू. ललिताबाईंना निर्मात्यांनी वर्षानुवर्षे दुसऱ्या खोलीत कोंडले. दार उघडणारे दिग्दर्शक थोडेच भेटले. राज कपूर यांच्या ‘श्री ४२०’ (१९५५) मध्ये त्या फुटपाथवरची केळीवाली झाल्या. तोंडाने फटकळ पण मनाने आईसारखी. बिमल रॉय यांच्या ‘सुजाता’ (१९५९) मध्ये जातीचा अभिमान उराशी धरणारी म्हातारी आत्या त्यांनी केली.

त्याच वर्षी हृषीकेश मुखर्जी यांचा ‘अनाडी’ आला. मुंबईतली एक एकटी ख्रिस्ती घरमालकीण, मिसेस डिसा. तिच्या घरात राज कपूर हा भोळा तरुण भाड्याने राहतो. ती त्याच्यावर सारखी ओरडते, पण तिचा सारा जीव त्याच्यावर आहे. एका धनवान माणसाच्या कारखान्यातल्या खोट्या औषधाने ती मरते आणि आळ येतो त्या निरपराध तरुणावर. सासूसारखीच ही बाईही चिडकी आहे. डोळा तोच, आवाजही तोच. फक्त त्यांमागचे मन वेगळे आहे, आणि प्रेक्षकाला ते पहिल्या दहा मिनिटांत कळते. या भूमिकेसाठी त्यांना साहाय्यक अभिनेत्रीचे फिल्मफेअर पारितोषिक मिळाले. ज्या बाईचा देशाने तिरस्कार केला, तिला फिल्मफेअर मिळाले ते प्रेमळ म्हातारीच्या कामासाठी! बारा वर्षांनी, १९७१ मध्ये, मुखर्जींनी ‘आनंद’ काढला, तेव्हा त्यातल्या रुग्णालयातील मेट्रनचे काम त्यांनी ललिताबाईंनाच दिले आणि तिचे नावही डिसाच ठेवले.

विनोदही त्यांना साधत असे. ‘जंगली’ (१९६१) मध्ये घरात हसायला बंदी करणारी शम्मी कपूरची आई त्या झाल्या. ‘प्रोफेसर’ (१९६२) मध्ये शम्मी कपूर म्हाताऱ्या शिक्षकाचे सोंग घेऊन भाच्यांना शिकवायला येतो आणि ही कडक मावशी त्याच्यावरच भाळते. प्रेक्षक पोट धरून हसतात. मध्येच एखाद्या क्षणी त्यांना तिची कीवही येते. १९६१ मध्ये संगीत नाटक अकादमीनेही त्यांचा गौरव केला. पवारांशी झालेला विवाह टिकला नव्हता. पुढे त्यांनी राजप्रकाश गुप्ता या निर्मात्याशी लग्न केले. काम मात्र कधी थांबले नाही. त्यांच्या चित्रपटांची संख्या सातशेच्या घरात सांगितली जाते.

जानेवारी १९८७ मध्ये दूरदर्शनवर रामानंद सागर यांची ‘रामायण’ मालिका सुरू झाली. राणी कैकेयीचे कान भरणारी दासी मंथरा ललिताबाईंनी केली. १९६१ च्या एका चित्रपटात त्यांनी हीच भूमिका केली होती. आता त्यांचे वय सत्तरीचे होते. रविवारी सकाळी रस्ते ओस पडत. ज्यांच्या घरी टीव्ही नसे ते शेजाऱ्यांकडे जात, मग शेजारी कोणत्या धर्माचे आहेत हे कोणी पाहत नसे.

अखेरच्या दिवसांत त्यांना कर्करोगाने गाठले. २४ फेब्रुवारी १९९८ रोजी पुण्यात औंध येथे त्यांचे निधन झाले. त्यानंतर बावीस वर्षांनी, मार्च २०२० मध्ये, करोनामुळे सारा देश घरात बसला होता, तेव्हा दूरदर्शनने ती मालिका पुन्हा दाखवली. ज्या मुलांनी ललिता पवार हे नावही ऐकले नव्हते, ती मुले त्या कुबड्या म्हातारीला पाहून पडद्यासमोर चिडत होती.