संतोषधनाचे स्वामी श्रीत्यागराज

प्रपंच सोडून अरण्यात गेलेल्या पुरुषाने संतोषाने राहावे यात फारसे नवल नाही. पत्नी, कन्या आणि शिष्य यांचा भार शिरावर असताना ज्याच्या चित्तातील संतोष ढळला नाही, त्याचे चरित्र गृहस्थाश्रमी माणसाने विशेष आदराने मनन करावे. श्रीत्यागराजस्वामी हे असे पुरुष होते.

त्यांचा जन्म इ. स. १७६७ मध्ये तिरुवारूर येथे एका तेलुगुभाषी ब्राह्मण कुलात झाला. पिता रामब्रह्म हे रामोपासक होते. माता सीताम्मा यांच्या मुखातून भक्तिपदे त्यांच्या कानी बालपणीच पडली. पुढे तंजावरजवळ कावेरीतीरावर असलेल्या तिरुवैयारु क्षेत्री त्यांचे वास्तव्य झाले. तंजावर दरबारातील विद्वान शोंठी वेंकटरमणय्या यांच्यापाशी त्यांनी संगीताचे अध्ययन केले.

एवढ्या अधिकाराच्या गायकाला त्या काळी राजाश्रयाचा मार्ग मोकळा होता. त्यागराजांनी मात्र उंछवृत्ती पत्करली. शेतात सांडलेले दाणे वेचून उपजीविका करणे हा या शब्दाचा मूळ अर्थ. दक्षिणेत नामसंकीर्तन करीत गल्लोगल्ली फिरावे आणि दारोदारी श्रद्धेने मिळेल ते धान्य घ्यावे, असा या व्रताचा आचार रूढ झाला होता. मिळालेल्या तांदळात घरच्यांचे व शिष्यांचे भोजन होई. उरलेला वेळ पूजा, जप, शिष्यांचे अध्यापन आणि पदरचना यांत जाई.

तंजावरास तेव्हा भोसले कुलातील सरफोजी राजे दुसरे (राज्यकाल १७९८–१८३२) गादीवर होते. हे महाराज स्वतः विद्याव्यासंगी असून सरस्वती महाल ग्रंथालयाचा मोठा विस्तार त्यांनीच केला. परंपरा सांगते की, त्यागराजांची कीर्ती ऐकून दरबारातून त्यांना बहुमोल नजराण्यासह निमंत्रण आले. येऊन राजाचा महिमा गावा, एवढीच अपेक्षा होती. त्यागराजांनी नजराणा परत पाठविला. धनात सुख आहे की रामाच्या सान्निध्यात, असा प्रश्न स्वतःच्याच मनाला विचारणारी त्यांची कल्याणी रागातील कृती या प्रसंगाशी जोडली जाते.

या नकाराचे मोल घरातच द्यावे लागले. वडील बंधूंना हा व्यवहार मुळीच रुचला नाही. घरी चालून आलेली लक्ष्मी धाकट्या भावाने दारातूनच परत धाडावी, हे त्यांना सहन झाले नाही. त्यांनी रागाच्या भरात त्यागराजांच्या नित्यपूजेतील राममूर्ती कावेरीत टाकून दिल्या, अशी कथा आहे. पुढे त्या मूर्ती सापडल्या. तोवरच्या वियोगाची व्याकुळता त्यांच्या कित्येक पदांतून आजही ऐकू येते.

बंधूंच्या मनातील भय प्रत्येक गृहस्थाच्या परिचयाचे आहे. उद्या कमी पडेल, या धास्तीने मनुष्य आज अधिक साठवू पाहतो. आणि साठा वाढला तरी धास्ती घटत नाही. त्यागराजांनी हा क्रम उलटा केला. किती मिळेल ते पाहून त्यांनी गरज ठरविली नाही. आपल्याला किती पुरेल हे आधी ठरविले. म्हणूनच राजाचे द्रव्य ठेवायला त्यांच्या घरात जागा उरली नव्हती, आणि ते गेल्याचा खेदही झाला नाही. सहज प्राप्त होईल त्यात संतुष्ट राहणारा कर्म करूनही बांधला जात नाही, असे गीतेचा चौथा अध्याय सांगतो. त्याचा अर्थ या घरात दररोज शिजणाऱ्या भाताइतका स्पष्ट दिसत होता.

आयुष्याच्या अखेरीस संन्यास घेऊन जानेवारी १८४७ मध्ये त्यांनी देह ठेवला. मागे द्रव्य उरले नाही. शिष्यांनी जतन केलेल्या सुमारे सातशे कृती उरल्या, आणि त्याच दक्षिणेच्या घराघरांत पोहोचल्या. दरवर्षी पौष वद्य पंचमीस तिरुवैयारु येथील त्यांच्या समाधीपाशी गायक-वादक एकत्र जमतात आणि त्यांच्या पंचरत्न कृती एकस्वराने गातात. त्या दिवशी उंछवृत्तीची फेरीही निघते.

फेरीला निघणे प्रत्येकाला शक्य नाही आणि तसे अपेक्षितही नाही. परंतु महिन्याच्या आरंभी, नव्या वस्तूची यादी करण्यापूर्वी, घरातील सर्वांनी एकत्र बसून ‘आपल्याला किती पुरेल’ एवढे ठरविणे कोणाही गृहस्थाला साधण्यासारखे आहे. संतोषाचा आरंभ तेथूनच होतो.